ओरेस्टच्या नावाची पायवाट

आमच्या बर्चफोर्डच्या नगरपालिकेने नदीकाठच्या नव्या पायवाटेला माझ्या नवऱ्याचं नाव द्यायचं ठरवलं, आणि त्या दिवसापासून त्याला जेवण जाईना. ‘ओरेस्ट बोयचुक प्रामाणिकपणा मार्ग’ असं ते ऐसपैस नाव. हयात माणसाचं नाव कशालाही द्यायचं नाही असा पालिकेचा नियम आहे, पण यावेळी त्याला बगल दिली. इतका प्रामाणिक माणूस मरायची वाट बघत बसणं कुणालाच बरं दिसेना. नाव सुचवलं होतं माझ्या सख्ख्या भावाने, लॉर्नने. तो उद्यान आणि क्रीडा समितीवर होता. समितीतले बाकीचे लोक वर्षानुवर्षं बदकांना पाव घालावा की घालू नये यावरच भांडतात. भांडण नसलेला ठराव समोर आल्यावर त्यांनी कॉफी निवायच्या आत तो मंजूर केला.

या प्रामाणिकपणाची गोष्ट आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तीसेक वर्षांपूर्वी लॉर्न आमच्या कर्लिंग संघाचा कप्तान होता आणि ओरेस्ट त्याचा झाडूवाला. कप्तानाने बर्फावरून जड दगड सोडायचा आणि झाडूवाल्याने त्याच्यापुढे पळत बर्फ घासायचा, म्हणजे दगड लांब जातो आणि सरळ जातो. घरात ज्याने कधी केर काढला नाही, तो माणूस तिथे असा काही झाडू मारायचा की बघून माझा जळफळाट व्हायचा.

त्या वर्षी आमचा संघ विभागाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. जिंकला असता तर थेट प्रांताच्या स्पर्धेला गेला असता. शेवटचा दगड लॉर्नचा. तो सरकत सरकत पलीकडच्या टोकाला बर्फावर आखलेल्या निशाण्याच्या वर्तुळाच्या बरोब्बर मध्यात जाऊन थांबला, लोक बाकांवर उभे राहिले, आणि तेवढ्यात ओरेस्टने हात वर करून सांगितलं, “माझा झाडू लागला.” झालं. दगड बाद, सामना बाद, प्रांत बाद.

आमच्या कर्लिंगला पंच लागत नाही. झाडू दगडाला लागला तर दगड बाद, आणि ते ज्याचा लागला त्याने स्वतः सांगायचं. दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही. आणि त्याने सांगितलं की “नक्की ना?” असंही विचारायचं नाही. तसं विचारणं म्हणजे एखाद्याच्या आईवरून बोलण्यासारखं आहे. तेव्हा कुणी काही विचारलं नाही. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पहिला प्याला पाजायचा अशी रीत आहे, त्याप्रमाणे समोरच्यांनी बिअर आणली. लॉर्नने उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की असा मेहुणा मिळायला नशीब लागतं.

त्या एका हात वर करण्यावर माझ्या नवऱ्याचं आयुष्य उभं राहिलं. त्याचं टायरचं दुकान तोवर रडतखडत चाललं होतं. दुसऱ्या दिवसापासून लोक पलीकडच्या शहरातून टायर बदलायला येऊ लागले. चर्चचा खजिनदार ओरेस्ट. हॉकीच्या पोरांच्या बससाठी वर्गणी काढायची, डबा ओरेस्टकडे. तलावावर बर्फाला भोक पाडून मासे धरणारे बाप्ये एरवी माशाची लांबी दोन हातांत दाखवतात, पण ओरेस्ट येताना दिसला की त्यांचे हात आपोआप जवळ येतात.

यातली गंमत अशी की लोकांनी इतकं डोक्यावर घेतल्यामुळे हा माणूस खरोखरच प्रामाणिक झाला. तोंडदेखलं बोलणंसुद्धा त्याने सोडलं. मी केस कापून आले की “मागून वाकडे झालेत” म्हणणार. दर सणाला मी टर्की भाजते, आणि दर सणाला हा घास चावून चावून सांगतो, “कोरडी झालीय.” माझी टर्की कोरडी होते हे मलाही ठाऊक आहे. पण तीस वर्षांत एकदा तरी नवऱ्याने खोटं बोलावं एवढी माफक अपेक्षा बायकोने ठेवायची नाही का?

आता हे पायवाटेचं. मे महिन्यात पाट्या लागल्या तेव्हा आम्ही दोघं बघायला गेलो. पाट्यांचं मी समजू शकते. पण पालिकेने कुत्र्यांची घाण उचलायच्या पिशव्यांच्या खोक्यांवरही ओरेस्टचा फोटो लावला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘ओरेस्टसारखे वागा. कुणी बघत नसले तरी उचला.’ मला हसू आवरेना. ओरेस्ट मात्र जवळच्या बाकावर मटकन बसला.

“विनी,” तो म्हणाला, “झाडू लागला नव्हता.”

“कुठला झाडू?”

“तोच.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. मागे खोक्यावरचा ओरेस्ट झकास हसत होता.

“मग हात कशाला वर केलास?”

“भीती वाटली. प्रांताच्या स्पर्धेला टीव्हीवाले येणार होते. इथे आपण वाघ. तिकडे पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत धूळ चारली असती आपल्याला.”

“चारली असती तर लॉर्नला चारली असती. तू झाडूवाला, तुला कोण बघणार होतं?”

“मीही मनाला तेच सांगत आलो, की लॉर्नची फजिती मला बघवली नसती. पण खरं म्हणजे घाबरलो होतो मीच.”

मला इतका राग आला की मी त्याला तिथेच बाकावर सोडून घरी आले. दोन दिवस त्याला स्वतःच्या हाताने अंडी उकडून खावी लागली. लॉर्न माझा भाऊ. त्या सामन्यासाठी त्याने गिरणीत रात्रपाळी मागून घेतली होती, म्हणजे दिवसा सराव करता यावा. आमच्या आईने संघातल्या प्रत्येकासाठी एकसारखे स्वेटर विणले होते, प्रांतात घालायला. ते तसेच कपाटात राहिले आणि त्यांना कसर लागली. पुढच्या वर्षी लॉर्नचा गुडघा गेला, मग दुसराही गेला. आता त्याला वाकताच येत नाही, उभ्याउभ्या काठीने दगड ढकलतो. त्याची बायको गेल्यापासून तो दर रविवारी आमच्याकडे जेवतो, आणि जेवताना दर रविवारी ओरेस्टच्या प्रामाणिकपणाचं एकदा तरी नाव काढतो. आणि हा माणूस बटाटे चिवडत मुकाट ऐकून घेत आला होता.

तिसऱ्या दिवशी मी ओरेस्टला बजावलं, की समारंभाआधी लॉर्नला सांग, नाहीतर मी सांगेन. बिचाऱ्याने प्रयत्न केला. रविवारी ताट पुढे सरकवून घसा खाकरला, “लॉर्न, त्या सामन्याबद्दल मला जरा...” लॉर्नने हात वर करून त्याला थांबवलं आणि सांगितलं, की भाषण समारंभासाठी राखून ठेव, इथे वाया घालवू नकोस. असं म्हणून तो हसला. ते हसू मला जरा निराळं वाटलं, पण जेवणानंतरच्या गोडाची तबकडी आणायला मी आत गेले आणि विसरले.

समारंभ जूनमध्ये झाला, म्हणजे डासांच्या ऐन हंगामात. सगळे हारीने उभे राहून स्वतःला चापट्या मारत होते. महापौर ग्लेनिस लहानपणी ओरेस्टच्या दुकानासमोर गोठलेल्या डबक्यावर स्केटिंग करायची. तिने लांबलचक भाषण केलं आणि फीत कापायची कात्री त्याच्या हातात दिली. ओरेस्टने कात्री खाली ठेवली आणि ध्वनिक्षेपक उचलला.

“माझा झाडू लागला नव्हता,” तो म्हणाला. “मी खोटं बोललो. मी घाबरलो होतो. ही पायवाट माझ्या नावाने नको.”

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे स्तुती अंगाला लागू द्यायची नसते. स्वेटर छान आहे म्हटलं की “छे, जुनाच आहे” म्हणायचं. एखाद्याने आगीतून पोर बाहेर काढलं तरी “मी आपला तिकडूनच चाललो होतो” म्हणायचं. जो जास्त जोरात नाकारेल तो जास्त मोठा. ओरेस्टइतकं जोरात आजवर गावात कुणीच नाकारलं नव्हतं. आधी दोघंतिघं हसली, मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. ग्लेनिसने डोळे टिपले. माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, “नशीबवान आहात हो. बोर्डावर नाव येऊ नये म्हणून स्वतःवर असलं बालंट घेतो माणूस.”

“अहो, मी खरं सांगतोय,” ओरेस्ट म्हणाला. टाळ्या आणखी वाढल्या.

तेव्हा लॉर्न काठी टेकत पुढे आला. त्याने ओरेस्टच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला.

“तो खरं बोलतोय,” लॉर्न म्हणाला. “दगड मी सोडला होता. मी मागून दगडाकडेच बघत होतो. झाडूत आणि दगडात वीतभर अंतर होतं.”

टाळ्या बंद झाल्या. नुसते डास ऐकू येत होते. ओरेस्टने स्वतःला खोटारडं म्हटलं तो त्याचा विनय. पण लॉर्नने त्याला दुजोरा द्यावा? हरलेल्या कप्तानाने? तीस वर्षं मनात ठेवून आज, याच्या मोठ्या दिवशी? लोक जमिनीकडे बघू लागले. ग्लेनिसने हलकेच ध्वनिक्षेपक काढून घेतला आणि डोनट खायला सगळ्यांनी झाडाखाली यावं असं सांगितलं.

मी दोघांना गाडीत घातलं. गाडी सुरू केली नाही, काचा तेवढ्या लावल्या.

“तुला माहीत होतं?” ओरेस्टने विचारलं.

“पहिल्यापासून.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“कसं बोलणार? तू हात वर केलास. हात वर केलेल्या माणसाला कधी कुणी विचारतं का?”

“मग माझी स्तुती कशाला करत होतास इतकी वर्षं?”

“वाटलं, लाज वाटून सांगशील कधीतरी,” लॉर्न म्हणाला. “थोडी करून पाहिली, तू सांगितलं नाहीस. मग जास्त केली. तरी नाही. शेवटी पायवाट काढायची वेळ आणलीस माझ्यावर.”

मला हसावं की रडावं कळेना. लॉर्नचा चेहरा मात्र हसण्यासारखा नव्हता.

“का केलंस ते सांग,” तो म्हणाला.

“घाबरलो रे.”

“बस? एवढंच?”

“एवढंच.”

“मला वाटायचं, माझ्याबरोबर जायचं नव्हतं तुला,” लॉर्न म्हणाला. “मी कप्तान म्हणून नको होतो. तीस वर्षं मी तेच घेऊन बसलो होतो.” त्याने दार उघडलं, काठी बाहेर काढली आणि पायवाटेने, ओरेस्टच्या एकेका पाटीवरून, घरी चालत गेला. पुढच्या रविवारी तो जेवायला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

गावाने त्याला वाळीत टाकलं असं म्हणता येणार नाही, आमचे लोक फार सभ्य आहेत. क्लबमध्ये तो ज्या टेबलाशी बसायचा तिथे इतरांना अचानक वारा लागू लागला आणि ते पलीकडे सरकले. समितीच्या अध्यक्षबाईंनी त्याला गोड आवाजात सुचवलं, की गुडघ्यांना आराम हवा असेल ना, समितीचं काही अडणार नाही. ओरेस्ट दारोदार जाऊन सांगत होता, की लॉर्न खरं बोलला, चूक माझी आहे. त्याने आणखीच बिघडलं. लोक लॉर्नकडे बघून माना हलवायचे, “हा त्याला पाण्यात पाहतो आणि तो बघा, अजून याला पाठीशी घालतोय.” सप्टेंबरपर्यंत माझ्या नवऱ्याचा प्रामाणिकपणा दुप्पट झाला होता. आमच्या जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती आणि ओरेस्ट निम्मं जेवून उठायचा.

ऑक्टोबरात क्लबचा बर्फ तयार झाला. हंगामाची पहिली छोटी स्पर्धा सुगीबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाआधी होते आणि बक्षीस म्हणून एक गोठवलेली टर्की मिळते. लॉर्नला कुणी संघात घेईना. ओरेस्ट क्लबमध्ये जाऊन सगळ्यांसमोर म्हणाला, “कप्तान लॉर्न. झाडू मी.” मग मला आणि शेजारच्या इडाला भरती केलं. लॉर्न आला, पण आमच्याशी कामापुरतंच बोलला.

आम्ही अंतिम सामन्यापर्यंत कसे पोहोचलो देव जाणे. समोर दातांच्या डॉक्टर फेंटनचा संघ होता. शेवटचा दगड लॉर्नचा, अगदी तेव्हासारखा. मी पलीकडच्या टोकाला वर्तुळात उभी राहून त्याला निशाणा दाखवत होते. लॉर्नने काठीने दगड ढकलला. दगड थोडा बाहेरच्या अंगाला निघाला, मध्यात येणार नाही हे मला तिथूनच दिसलं. ओरेस्ट त्याच्यापुढे धापा टाकत झाडू मारत होता. वय झालंय त्याचं. अर्ध्याच्या पुढे आल्यावर त्याचा पाय जरासा सरकला आणि झाडू दगडाला लागला.

टक्. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. दगड किंचित आत वळला आणि सावकाश येऊन माझ्या पायाशी, मधोमध थांबला.

सगळे ओरेस्टकडे बघू लागले. तो दगडाकडे बघत होता, मग त्याने मागे वळून लॉर्नकडे बघितलं. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत वर आला. तिथे तो क्षणभर थांबला. मग त्या हाताने त्याने टोपी नीट केली आणि हात खाली आणला.

डॉक्टर फेंटन एकदा झाडूकडे, एकदा ओरेस्टकडे बघत होते. त्यांनी तो आवाज ऐकला होता, इडाने ऐकला होता, बाकावरच्या आजीबाईंनी कानातल्या यंत्राशिवाय ऐकला होता. पण झाडू ओरेस्ट बोयचुकचा होता. लागला असता तर त्याने सांगितलं नसतं का? डॉक्टरांनी कान चोळला, हातमोजा काढला आणि लॉर्नचा हात हातात घेतला. “सुंदर दगड टाकलात,” ते म्हणाले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मीही तोंड मिटून गप्प राहिले. दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही हा नियम बायकोलाही आहे आणि बहिणीलाही.

लॉर्न काठीला रेलून ओरेस्टकडे बघत राहिला. मग रीतीप्रमाणे त्याने डॉक्टरांच्या संघाला पहिला प्याला पाजला. त्याच्या टेबलाशी आता कुणाला वारा लागेना. लोक येऊन त्याच्या पाठीवर थापा मारू लागले. जिंकलेल्या कप्तानाच्या मनात काही राहत नाही असं ते धरून चालले असावेत. अध्यक्षबाई म्हणाल्या की समितीत त्याची फार उणीव भासते, बदकांचा प्रश्न पुन्हा निघालाय. तो सगळ्यांना हो-हो म्हणाला, टर्की काखेत मारली आणि आमच्याशी न बोलता निघून गेला. ओरेस्ट गाडीत मला म्हणाला, “चुकलंच माझं. हेही चुकलं.” मी गाडी सुरू केली.

सणाच्या दिवशी सकाळी दार वाजलं. लॉर्न टर्की घेऊन उभा होता.

“शिजव विने,” तो म्हणाला. “चोरीचा माल आहे. पुरावा पोटात गेलेला बरा.”

तो ओव्हरकोट काढून आपल्या खुर्चीत बसला आणि ओरेस्टला म्हणाला, “बटाटे सोलायला सुरी दे.” ओरेस्टने सुरी दिली. दोघं दुपारभर बटाटे सोलत बसले, एका सैन्याला पुरतील एवढे. बर्फ यंदा कसा पडेल यापलीकडे त्यांच्यात काही बोलणं झालं नाही.

मी जीव ओतून टर्की भाजली. दर अर्ध्या तासाने तिच्यावर लोणी सोडलं. पण माझा हातच तसा आहे, कापतानाच सुरीखाली भुसा पडू लागला. मी आम्हा तिघांना वाढलं आणि सवयीप्रमाणे ओरेस्टच्या तोंडाकडे बघत बसले. त्याने घास घेतला. चावला. आणखी चावला. पाण्याचा घोट घेतला. मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, “मऊ झालीय. लोण्यासारखी.”

लॉर्नने काटा खाली ठेवला.

“खोटारडा,” तो म्हणाला.

तीस वर्षांत माझ्या नवऱ्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याने स्वतः टाहो फोडून सांगितलं तरी कुणी म्हटलं नव्हतं. ओरेस्टची मान खाली गेली, खांदे हलायला लागले, आणि त्याने नॅपकिन तोंडाला लावला तरी तो हसतोय की रडतोय ते मला कळलं नाही. मग त्याने डोळे पुसले, ताटातलं सगळं संपवलं आणि रिकामं ताट माझ्यापुढे केलं.

“आणखी वाढ,” तो म्हणाला. “त्यालाही वाढ.”